मॅडम, नान आलाय

त्या जुलैत कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली, त्या सकाळी आमच्या बारावी कलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाऊण तासात तीन मेसेज आले. पहिला गगनबावड्याकडच्या पोराचा. हा एरवी शहरात मामाकडं राहतो, शनिवारी घरी गेला आणि अडकला. "मॅडम, मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलंय, एसटी बंद. चार दिवस झालं सूर्य बघितला नाही." दुसरा शिरोळ तालुक्यातल्या पोरीचा. "मॅडम, आमच्यात पाऊस नाही, ऊन पडलंय, पण नदी चढायलीय. जनावरं हलवायची आहेत म्हणून आज येत नाही." तिसरा कसबा बावड्यातल्या एका महाभागाचा. जाऊ नको म्हणून बजावलं होतं, तरी हा बंधाऱ्याकडं पाणी बघायला गेलेला. "मॅडम, राधानगरी धरणाचा एक दरवाजा उघडला म्हणत्यात. एका दरवाज्यातनं पाणी येतंय तरी किती?"

या तिसऱ्याला उत्तर म्हणून मी पीडीएफ पाठवली. एकोणीस वर्षं शिकवतेय, हात आपोआप नोट्सकडंच जातो. हाताने लिहिलेली पानं, लेकाने मोबाईलवर स्कॅन केलेली, एकूण ३८ एमबी. दहा मिनिटांनी उत्तर आलं.

"मॅडम, उघडंना झालंय."

या नोट्सचं आधी सांगायला हवं. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या "भूगोल मॅडम" या नावाने मिळतात. मी कधी दिल्या नव्हत्या, कुणीतरी एक प्रत नेऊन ठेवली आणि दुकानदाराने तिची प्रत, मग त्या प्रतीची प्रत असं करत करत वंश वाढवला. आताच्या पिढीत माझा पर्जन्यछायेचा नकाशा म्हणजे नुसता काळा चौकोन उरलाय. एका पोरीने तो उत्तरपत्रिकेत "काळी मृदा असलेला प्रदेश" म्हणून काढला होता. अर्धा मार्क द्यावा असं मनात आलं होतं.

पाण्यामुळं कॉलेजला सुट्टी पडली. राजारामपुरीत आमच्याकडं पाणी येत नाही, पण लाईट जात-येत होती. तेव्हा ठरवलं, विषयाची एक साधी साईट करायची. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, ते परत टाईप करण्यात अर्थ नाही. पुस्तकात जे नाही आणि वर्गात मी फळ्यावर काढून पुसून टाकते, तेवढंच ठेवायचं. स्वस्त मोबाईलवर, रेंजचा एक दांडा असताना उघडलं पाहिजे, ही एकच अट.

आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या सरांना फोन केला. ते फार हौसेने म्हणाले, "मॅडम, तयार टेम्प्लेट घेऊ. वर स्लायडर फिरेल, प्राचार्यांचा फोटो, कॉलेजची इमारत, सरकणारी सूचनापट्टी." मी म्हटलं, सर, पोरगं मांडुकलीत अडकलंय, त्याला प्राचार्य सरकताना कशाला दाखवायचे? टिम बर्नर्स-ली यांनी सर्न संस्थेत केलेली जगातली पहिली साईट १९९१ ची. नुसती अक्षरं आणि दुवे. ती अजून बघायला मिळते आणि आमच्या घरात लाईट गेलेली असताना, मोबाईलच्या टूजीवरसुद्धा क्षणात उघडली. मला तसली हवी होती. सर हसले, पण मग त्यांनीच एका बैठकीत एचटीएमएलचे दहा-बारा टॅग शिकवले. मथळा, परिच्छेद, दुवा, चित्र, तक्ता. रांगोळीचे ठिपके मोजण्यापेक्षा अवघड काही नाही, पण एक ठिपका चुकला की तसंच होतं, सगळं एका अंगाला कलतं.

पहिलं पान कॉलेजच्या जुन्या मशीनवर, नोटपॅडमध्ये लिहिलं. मथळा टाकला, पंचगंगा. सेव्ह केलं, ब्राउझरमध्ये उघडलं, तर मथळ्याच्या जागी सात प्रश्नचिन्हं. पाच नद्यांची सात प्रश्नचिन्हं कशी, म्हणून मी कागदावर मोजायला बसले. प, अनुस्वार, च, ग, अनुस्वार, ग, काना. बरोबर सात. आपल्याला चार अक्षरं दिसतात, मशीनला सात चिन्हं. ते जुनं नोटपॅड फाईल ठेवताना आपणहून एएनएसआय नावाची पद्धत धरत होतं. तिच्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून ज्याला जागा नाही त्याच्या ठिकाणी प्रश्नचिन्ह. सेव्ह करताना खालच्या खणात यूटीएफ-८ निवडायचं आणि पानाच्या डोक्यात तेच लिहायचं, एवढं केलं की झालं. पण ज्या फाईलची प्रश्नचिन्हं झाली ती झाली, त्यातनं पंचगंगा परत निघत नाही. मी ती परत लिहिली.

पानाच्या डोक्यात आणखी दोन ओळी लागतात आणि त्या का लागतात हे मला नंतर कळलं. एक भाषेची, म्हणजे हे पान मराठी आहे असं सांगणारी. तिच्यामुळं काही फाँटमध्ये आपला पाकळीचा ल आणि देठाचा श येतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. दुसरी व्ह्यूपोर्टची. ती नसली की मोबाईल समजतो हे पान मोठ्या पडद्याचं आहे, आणि सगळं आक्रसून मुंगीएवढं दाखवतो. मी ती विसरले होते. माझ्या सासूबाईंनी पान बघून विचारलं, "हे वाचायचं का चाळायचं?"

मग जुन्या नोट्स. सगळं हाताने लिहिलेलं नव्हतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी शब्दसूची आणि काही प्रकरणं बिंदू चौकाकडच्या एका डीटीपीवाल्याकडून टाईप करून घेतली होती, त्याची सीडी जपून ठेवलेली. सीडी चालली, याचंच मला कौतुक. पण मजकूर कॉपी करून पानात टाकला तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ. त्या काळच्या फाँटमध्ये आतलं अक्षर इंग्रजीच असायचं, फाँट फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. फाँट काढला की मुखवटा गेला. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, पहिल्या वेबसाईटच्याच वर्षातली, आणि तिच्यात देवनागरी होती. तरी आमचा डीटीपीवाला पुढं वीस वर्षं मुखवटेच चढवत बसला. त्याला काय बोलणार, पत्रिकेवर छापून यायचं तेवढं बघायचा तो.

फुकटचा एक कन्व्हर्टर मिळाला. त्यातनं मजकूर काढला, छान दिसला, दोनशे शब्दांची सूची एका पानावर आली. वर मी एक शोधायची चौकट ठेवली, शब्द लिहिला की बाकीचे गळून तेवढाच उरतो, असली. "नदी" लिहिलं, सापडली. "खोऱ्यात" लिहिलं, काही नाही. डोळ्यांसमोर शब्द आहे आणि चौकट म्हणते नाही. "गुऱ्हाळ" लिहिलं, नाही. "दुसऱ्या", नाही. एक अख्खी संध्याकाळ यात गेली, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीची पेज झाली.

भानगड अशी की खोऱ्यातला तो विळ्यासारखा अर्धा र मशीनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. आत मात्र दोन निराळे शब्द. कन्व्हर्टरने दुसरी तऱ्हा वापरली होती, माझा कीबोर्ड पहिली वापरतो. मी शहाणपणा करून ती न दिसणारी चिन्हं सगळी पुसली, तर खोऱ्यातचा रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला आणि गुऱ्हाळाचा उच्चार करायला जीभ दुसऱ्याची आणावी लागेल असं झालं. शेवटी सगळीकडं पहिली तऱ्हा केली, फाइंड-रिप्लेस मारून. मराठीत खोरी, किनारे, वारे, दऱ्या याशिवाय भूगोल होत नाही, आणि सगळ्यांच्या सामान्यरूपात हाच अर्धा र. दुसऱ्या कुठल्या विषयाला एवढा जाचला नसता.

ही सगळी दुरुस्ती झाल्यावर साईट चढवली. गिटहबवर फुकट जागा मिळते, तिथं. मेनू पुस्तकाच्या क्रमाने. विदारण, क्षरणाची कारके, हवामान प्रदेश, आपत्ती व्यवस्थापन, मग बारावीचं लोकसंख्या, वस्त्या, आर्थिक क्रिया. ग्रुपवर दुवा टाकला. "लई भारी मॅडम", अंगठे, हात जोडलेले. चार दिवसांनी वर्गात विचारलं, तर पहिल्या पानाच्या पुढं कुणीच गेलं नव्हतं. एक पोरगी प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, पुस्तकच आहे ते. पुस्तक आहे आमच्याकडं."

खरं होतं. मग मी ते पुराच्या सकाळचे तीन मेसेज परत वाचले. एकाकडं चार दिवस सूर्य नाही. एकीकडं ऊन पडलंय तरी नदी चढतेय. एक मधे उभा राहून विचारतोय, किती पाणी. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या पुढं पाऊस, कोल्हापुरात हजाराच्या आसपास, शिरोळला पाचशेच्या जवळपास. एका जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात, हे एवढं उतरत जातं. पर्जन्यछाया म्हणून मी काळा चौकोन शिकवत होते आणि वर्गात तिन्ही ठिकाणची पोरं बाकावर बसलेली. पाऊस नसताना पूर का, हे त्या शिरोळच्या पोरीला कळलं की नदीचं खोरं कळलं, आणि खोरं कळलं की पुस्तकातली निम्मी प्रकरणं आपोआप येऊन बसतात.

मेनू मोडला. नवा मेनू नदीच्या क्रमाने. घाट, धरण, संगम, बंधारा, मळी (म्हणजे नदीकाठचं शेत), वाडी. सहा पानं. पाणी जसं जातं तसं वाचत जायचं.

घाटाच्या पानावर फार काही नाही, पावसाचा एक उतरता आलेख आणि जांभ्याचा फोटो. पन्हाळ्याला जो तांबडा, भोकं-भोकं असलेला दगड दिसतो तो. मुसळधार पावसात खडकातलं विरघळणारं सगळं धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहतं, त्याचा जांभा होतो. विदारण म्हणजे काय याला यापेक्षा बरं उदाहरण कोल्हापुरात नाही आणि सगळी पोरं त्याच्यावर बसून भुट्टा खाऊन आलेली असतात.

धरणाचं पान माझं लाडकं. त्या बावड्याच्या महाभागाचा प्रश्न तिथं आहे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. त्यांना मोटर नाही, बटण नाही, पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि उतरलं की मिटतात. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, त्याचा हा भाग बघायला बाहेरची माणसं येतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, हा आकडा दर पावसाळ्यात पेपरात येतो आणि आपण तो "तीन दरवाजे उघडले" या बातमीतल्या चहाबरोबर गिळतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. तर १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटरच्या वर. पोरांना लिटरसुद्धा कळत नाही एवढं झालं की. म्हणून टँकरमध्ये केलं. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर एका दरवाज्यातून दर सेकंदाला चार टँकर. उन्हाळ्यात गल्लीत एका टँकरवर कशी भांडणं होतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं वर्गात एकदम शांतता झाली.

याचं मी छोटं गणितयंत्र केलं. चौकटीत क्युसेक लिहा, बटण दाबा, खाली टँकर. जावास्क्रिप्टच्या दहा ओळी, सरांच्या मदतीने. माझ्याकडं उत्तम चाललं. रात्री ग्रुपवर एकाचा मेसेज, पडद्याच्या फोटोसकट.

"मॅडम, नान आलाय."

त्याच्याखाली लगेच दुसऱ्याचा, "तांबडा-पांढरा कुठाय मग?"

फोटो बघितला. टँकरच्या आकड्याच्या जागी इंग्रजीत एन, ए, एन. म्हणजे "हा आकडाच नाही" याचं मशीनने केलेलं लघुरूप. आणि चौकटीत पोराने लिहिलं होतं, १४२८. बरोबर आकडा, मराठी कीबोर्डवरून, मराठी अंकांत. जावास्क्रिप्टला तो आकडा वाटतच नाही, त्याच्या लेखी ती चार चित्रं. मी माझ्या लॅपटॉपवर इंग्रजी अंक टाकत होते म्हणून मला कळलं नव्हतं. मराठी पान, मराठी विषय, पहिल्या ओळीत मशीनला सांगितलंय की हे मराठी आहे, आणि पोराने मराठीत आकडा लिहिला तर नान. राग आला खरा. उपाय मात्र दोन ओळींचा निघाला. देवनागरी अंक युनिकोडमध्ये शून्यापासून नऊपर्यंत ओळीने बसलेले आहेत, त्यामुळं प्रत्येकाच्या क्रमांकातून देवनागरी शून्याचा क्रमांक वजा केला की खरा अंक हातात येतो. आता दोन्ही चालतात. ग्रुपवर मात्र अजून कुणाचं काही चुकलं की नान आलाय असंच म्हणतात. परवा स्टाफरूममध्ये माझ्या पगाराच्या स्लिपवर एक रकाना रिकामा आला, तर माझ्याही तोंडातून तेच निघालं.

त्या पानावर पुढं एक भर पडली, तीही पोरांकडूनच. एकाने हिशोब केला की राधानगरीची क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे ८३६ कोटी घनफूट, तर एक दरवाजा सतत उघडा राहिला तर धरण रिकामं व्हायला ६८ दिवस लागतील. गणित बरोबर. भूगोल चूक. दरवाजे वरच्या पातळीला आहेत, पाणी तिथून खाली गेलं की ते मिटणार, तळापर्यंत कशाला रिकामं करतील? पण मी ते खोडलं नाही. त्याचं गणित ठेवलं आणि खाली विचारलं, "यात कुठं फसलं?" आत्तापर्यंत सगळ्यात जास्त चर्चा त्या एका ओळीवर झाली.

संगमाचं पान सगळ्यात लहान. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला जाऊन मोजलं तर पाच दिसत नाहीत. नाव कसं पडतं आणि डोळ्याला काय दिसतं यातला फरक, एवढंच लिहिलंय.

बंधाऱ्याच्या पानावर मी जरा चिडून लिहिलंय. "कोल्हापूर पद्धतीचा बंधारा" हे नाव महाराष्ट्रभरच्या पुस्तकांत आहे, विदर्भातली पोरंसुद्धा पाठ करतात. आमची पोरंसुद्धा पाठच करतात, जणू तो कुठला परदेशी प्रकार आहे. रोज त्याच्यावरून गाडी घालून येतात! नदीत दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा सरला की खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढायचे, पूर मोकळा जाऊ द्यायचा. म्हणजे नदीशी वर्षातून दोनदा करार बदलायचा. बावड्याच्या त्या महाभागाला मी बरग्यांचे फोटो काढायचं काम दिलं, एवीतेवी तिथंच असतो. (पाणी कमी असताना, आणि काठावरून.) राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हेही त्याच पानावर. हे आकडे कोल्हापुरात दुसरीतल्या पोराला येतात, पण फूट कशापासून मोजतात असं विचारलं की सगळे गप्प.

याच फोटोंनी पुढचा घोळ घातला. पोराने पाठवलेला एकेक फोटो चार एमबीचा. साईटवरचा सगळा मजकूर एकत्र केला तरी तीनेकशे केबी होत नाही, आणि एक बरगा चार एमबी. रुंदी आठशे ठिपक्यांवर आणून प्रत्येक फोटो शंभर केबीच्या आत बसवला. माझ्या मशीनवर दिसले. चढवल्यावर एकही दिसेना, नुसत्या तुटक्या चौकटी. कारण ऐकाल तर हसाल. फाईलच्या नावात शेवटचं जेपीजी मोबाईलने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, मी पानात लहान अक्षरांत. विंडोजला चालतं, सर्व्हरला नाही, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी माणसं. तेव्हापासून सगळी नावं लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता.

आणि फोटोंचंच आणखी एक. आमच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला दिसत नाही. मोबाईल त्याला वाचून दाखवतो. वर्गात तो पहिल्या बाकावर आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्याचे. मी हौसेने विचारलं, साईट वाचलीस का रे? "वाचली मॅडम. तुमच्या नकाशात काय आहे ते कळलं नाही, तो नुसतं 'इमेज' म्हणतोय. नऊ इमेज आहेत." चित्राच्या टॅगमध्ये वर्णन लिहायची जागा असते, ती मी रिकामी सोडली होती. बसले लिहायला. "कोल्हापूर जिल्ह्याचा पावसाचा नकाशा" असं लिहून मोकळी होणार होते, पण त्याला त्यातून काय कळणार? मग लिहिलं, पश्चिमेच्या कडेला घाटात पाऊस सगळ्यात जास्त, पूर्वेला जसजसं जावं तसतसा झपाट्याने कमी, कोल्हापूर शहर मधे, शिरोळ अगदी पूर्वेच्या टोकाला आणि सगळ्यात कोरडं, पण चार नद्यांचं पाणी तिथंच जमतं. लिहून झाल्यावर वाटलं, हे वाक्य मी एकोणीस वर्षांत वर्गात कधी असं सलग बोललेच नाही. "इथं बघा" म्हणत काठी टेकवत आले. आता ही वर्णनं सगळ्यांना दिसतील अशी चित्राच्या खालीच ठेवलीत.

मळीच्या पानावर ऊस, काळी जमीन, गुऱ्हाळ, आणि तोडणीला बीडकडून येणाऱ्या टोळ्या. तिथं प्राथमिक क्रिया, द्वितीयक क्रिया आणि स्थलांतर एका शेतात भेटतात. ऊस पिकवणं प्राथमिक, गूळ करणं द्वितीयक. गुऱ्हाळावर रस पिऊन पैसे देणं म्हणजे काय, असं एकाने विचारलं, त्याला उत्तर द्यायचंय अजून.

शेवटचं वाडीचं पान. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. ऊन पडलेलं असताना चढणारी नदी ती हीच. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणाचं काय, असं पोरं हमखास विचारतात, घरी रोज तोच वाद ऐकतात. मी त्या पानावर धरणामुळं फुगवटा वाढतो म्हणणाऱ्यांचं म्हणणं आणि नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं, दोन्ही मांडलंय. माझं मत लिहिलेलं नाही. त्यावरून एका पालकांचा फोन आला, "बाई, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" मी म्हटलं, प्रश्नपत्रिकेच्या.

या पानावर एकच फोटो आहे, माझ्या माहेरच्या भिंतीचा. शिरोळ तालुक्यात नदीकाठाला आमचं घर. सोप्यातल्या भिंतीवर वडिलांनी २००५ च्या पुराची रेघ निळीने मारली होती, उंबऱ्याच्या वर वीतभर. शेजारी तारीख, त्यांच्या वळणदार अक्षरात. ते गेल्यावर २०१९ ची रेघ आईने मारली, खिडकीच्या गजांच्या वर, तिचा हात पोचेना म्हणून स्टुलावर चढून. तिने तारीख लिहिली नाही, नुसतं "श्रावण" लिहिलंय. फोटोत दोन्ही रेघांमधलं अंतर मोजायला मी भिंतीला लाकडी फूटपट्टी टेकवून धरलीय, माझी बोटंही आलीत. पोरांना त्या पानावर काम आहे, आपापल्या गावातली अशी एक खूण शोधायची, देवळाच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर, कुठंही, आणि तिची उंची मोजायची. आत्तापर्यंत अकरा आल्यात. एकाने त्याच्या म्हशीच्या गोठ्याचा फोटो पाठवला, खूण शेणाखाली गेलेली, पण आजोबांनी बोट ठेवून दाखवलीय. तेही बोट फोटोत ठेवलं.

स्टाफरूममध्ये अजून एक प्रश्न येतो, हे सगळं ठीक, पण परीक्षेला काय? तो प्रश्न मला फालतू वाटत नाही, मार्क पोरांना हवेत आणि ते मिळाले पाहिजेत. म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, पुस्तकातल्या प्रकरणांची यादी आहे आणि प्रत्येकाच्या पुढं नदीवरच्या कुठल्या पानावर ते येतं त्याचा दुवा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळे तिथूनच आत शिरतात, हे मला माहीत आहे. शिरोत.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचा होता. तिला कुणीतरी मोबाईलवर साईट दाखवली होती.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरात आपली भिंत हाय म्हणं. रंगारी आलाय. रेघा ठिवू का पुसू?"

ठेव म्हटलं. रेघा आणि अक्षरं चुकवून रंग द्यायचे रंगारी तीनशे रुपये जास्त मागत होता. लगेच पाठवले. साईटवर आजपर्यंत झालेला खर्च तेवढाच.